माग आणि साक्ष : शोधयंत्र व ग्रंथालय यांची जोडी

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १३,००,७७४ इतकीच असली, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जिल्ह्यात जे घडले, त्याची कागदपत्रे देशभर विखुरलेली आहेत. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना येथे झाली. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास गेले. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना आकारास आली. आणि ‘छोडो भारत’ आंदोलनाकडे नेणारा काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव १४ जुलै १९४२ रोजी याच गावात संमत झाला. यांपैकी कोणत्याही विषयाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा हात आज प्रथम मोबाइलकडे जातो आणि ते गैरही नाही. मात्र शोधयंत्र माहितीचा माग दाखवते, तर त्या माहितीची साक्ष बहुधा ग्रंथालयात तपासावी लागते; आणि कित्येकदा ग्रंथालयात कोणते पुस्तक मागावे, हेही शोधयंत्रामुळेच कळते. ही दोन साधने एकमेकांना कशी पूरक ठरतात आणि कोठे कमी पडतात, याचा विचार वर्ध्याच्याच उदाहरणांवरून या प्रकरणात केला आहे.

दोन साधनांची घडण

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याची स्वयंचलित प्रणाली एका पानावरून दुव्यांच्या आधारे दुसऱ्या पानावर जात संकेतस्थळे वाचत राहते. नंतर त्या पानांवरील शब्दांची प्रचंड सूची तयार होते. आणि वाचकाने शब्द टंकित केला की त्या सूचीतून जुळणारी पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती महत्त्वाची पाने निर्देश करतात, यावर त्या पानाचे स्थान ठरत असे. आज त्यात अनेक निकषांची भर पडली आहे. परंतु क्रमाने वर असणे म्हणजे विश्वसनीय असणे नव्हे, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे.

ग्रंथालयाची घडण याहून वेगळी आहे. तेथे ग्रंथपाल पुस्तक हाताळून त्याचा विषय ठरवतो आणि मेल्विल ड्यूई यांची १८७६ ची दशांश पद्धती किंवा शि. रा. रंगनाथन यांची १९३३ ची द्विबिंदू पद्धती यांसारख्या वर्गीकरणानुसार त्याला क्रमांक देतो. त्यामुळे एकाच विषयावरची पुस्तके, त्यांच्या नावांत तो शब्द असो वा नसो, फडताळावर शेजारी येतात. लेखक, शीर्षक आणि विषय यांवरून या नोंदी शोधता येतील अशी जी संगणकीय तालिका ग्रंथालये ठेवतात, तिला ‘ओपॅक’ म्हणतात. शोधयंत्र पानावरचे शब्द जुळवते, तर तालिका पुस्तकाचा आशय सांगते, हा या दोहोंतील मूलभूत फरक होय.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण उभी राहते. जुने पुस्तक स्कॅन करून महाजालावर ठेवले, तरी ते बहुधा केवळ चित्र असते. त्यातील अक्षरे यंत्राने ओळखून मजकुरात रूपांतरित केली नाहीत, तर शोधात ते सापडतच नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेल्या फाइलींचीही हीच गत होते, कारण डोळ्यांना मराठी दिसणारा तो मजकूर यंत्राला निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून मराठी विषयावर शोध निष्फळ ठरला, तर ‘यावर काही लिहिलेले नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

घाणीचा शोध

वर्ध्यातील मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली ग्रामोद्योग संघाने जे प्रयोग केले, त्यांत तेल गाळण्याच्या लाकडी घाणीच्या सुधारणेला मोठे स्थान होते. झवेरभाई पटेल यांनी विकसित केलेली ही घाणी पुढे ‘वर्धा घाणी’ या नावाने ओळखली गेली. एखाद्या विद्यार्थिनीने या विषयावर प्रबंधिका लिहावयाचे ठरवले आणि शोधयंत्रात ‘लाकडी घाणा’ असे टंकित केले, तर तिच्यासमोर पहिल्या काही पानांवर शेंगदाणा व करडई तेलाचे विक्रेते, यंत्रे बनवणारे कारखाने आणि लाकडी घाण्याच्या तेलाचे गुण वर्णन करणाऱ्या चित्रफितीच येण्याची शक्यता अधिक. यात यंत्राची चूक नाही. बहुसंख्य लोक तेल विकत घेण्यासाठीच हा शब्द वापरतात आणि क्रमवारी त्या बहुसंख्यांना धरून लागते.

शब्द बदलला की चित्र बदलते. ‘वर्धा घाणी’ हा शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून शोधला, तर यंत्र ते दोन्ही शब्द त्याच क्रमाने असलेली पाने शोधते. रोमन लिपीत शोधले तर इंग्रजी अहवाल पुढे येतात. ‘कोल्हू’ हा हिंदी पर्याय दिला तर हिंदी मजकूर उघडतो. या मार्गाने अन्नविषयक इतिहासकार के. टी. अचया यांच्या घाणीवरील लेखनापर्यंत पोहोचता येते. एकदा असे जाणकाराचे लेखन हाती आले की पुढचा शोध यंत्राकडून संदर्भसूचीकडे वळतो, कारण त्या लेखकाने कोणती पुस्तके आधाराला घेतली, हे तेथे नोंदलेले असते. येथून ग्रंथालयाचे काम सुरू होते. ग्रामोद्योग संघाची ‘ग्राम उद्योग पत्रिका’, संघाचे वार्षिक अहवाल आणि तेलउद्योगावरील त्या काळच्या पुस्तिका यांचे अंक चाळल्याशिवाय घाणीच्या रचनेत नेमका कोणता बदल केव्हा झाला, हे सांगता येत नाही. वर्ध्याच्या अभ्यासकाला याशिवाय आणखी एक सोय आहे : ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय गावातच असल्याने, कागदावर वाचलेले ग्रामोद्योगाचे साहित्य प्रत्यक्ष पाहून पडताळता येते.

एका गावाची दोन नावे

शोधासाठी कोणते शब्द निवडावेत, हा प्रश्न किती निर्णायक असतो, याचे उदाहरण सेवाग्रामच्या नावात आहे. गांधीजी राहावयास आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते आणि १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा हे त्याचे एक कारण होते. याचा परिणाम असा, की १९३६ ते १९४० या काळातील पत्रांच्या शिरोभागी ‘सेगाव’ छापलेले आहे आणि केवळ ‘सेवाग्राम’ शोधणाऱ्याच्या हातून गांधीजींच्या तेथील आश्रमाची पहिली चार वर्षे निसटण्याचा संभव आहे. उलट ‘सेगाव’ शोधावे तर यंत्र ते ‘शेगाव’ असे समजून गजानन महाराज संस्थानाची पाने पुढे करू शकते; म्हणजे टपालखात्याचा जुना घोटाळा नव्या यंत्रातही चालू राहतो. त्यावर उपाय म्हणजे स्थळासोबत काळ आणि व्यक्ती यांचीही जोड देणे, किंवा शोध एखाद्या विशिष्ट संकेतस्थळापुरता मर्यादित करणे.

ग्रंथालयशास्त्रात यासाठी ‘नियंत्रित शब्दावली’ ही कल्पना वापरतात. एका वस्तूची, व्यक्तीची वा स्थळाची जी अनेक नावे असतील, त्यांतील एक अधिकृत मानून बाकीच्या नावांवरून तिकडे निर्देश करणे, असा तिचा अर्थ. चांगल्या तालिकेत सेगाव शोधणारा वाचक ‘सेवाग्राम पाहा’ या सूचनेपाशी पोहोचतो. ही सूचना माणसाने, दोन्ही गावे एकच आहेत हे जाणून, लिहिलेली असते.

शंभर खंड की अठ्ठ्याण्णव?

गांधीजींच्या समग्र इंग्रजी वाङ्मयाचा प्रकल्प केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने हाती घेतला. त्याचे पहिले मुख्य संपादक भारतन् कुमारप्पा हे मगनवाडीच्या जे. सी. कुमारप्पांचे बंधू होते आणि पुढे के. स्वामिनाथन यांनी दीर्घकाळ ही धुरा वाहिली. १९५८ ते १९९४ या काळात या मालेचे १०० खंड निघाले. त्यांतील पहिल्या ९० खंडांत मजकूर कालक्रमाने आहे, ९१ ते ९७ हे नंतर सापडलेल्या साहित्याचे पुरवणी खंड आहेत, ९८ व ९९ या खंडांत अनुक्रमे विषयांची आणि व्यक्तींची सूची आहे, तर शंभराव्यात सर्व खंडांच्या प्रस्तावना एकत्र केल्या आहेत. १९९९ मध्ये याच वाङ्मयाची सीडी निघाली, तेव्हा पुरवणी खंडांतील मजकूर कालक्रमात मिसळून सगळ्याची मांडणी ९८ खंडांत करण्यात आली; साहजिकच खंडांचे आणि पानांचे क्रमांक बदलले. त्याच धर्तीवर छापलेल्या सुधारित आवृत्तीत शेकडो नोंदी गळाल्याचे आणि प्रस्तावना वगळल्याचे त्रिदीप सुहृद यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिल्यावर शासनाने २००५ मध्ये ती आवृत्ती मागे घेतली. साबरमती आश्रमाच्या न्यासाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या गांधी हेरिटेज पोर्टलवर मूळ शंभर खंड पाहावयास मिळतात; सेवाग्राम आश्रमाच्या संकेतस्थळावर मात्र ९८ खंडांची मांडणी उपलब्ध आहे आणि शोधयंत्रातून वाचक बहुधा तिच्यापर्यंत पोहोचतो.

याचा व्यवहारातला परिणाम एका प्रसिद्ध वाक्याच्या आधारे पाहता येतो. जगात हवा असलेला बदल माणसाने आधी स्वतः व्हावे, अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य गांधीजींच्या नावाने भिंतींवर, दिनदर्शिकांवर आणि भाषणांत सर्रास आढळते. शोधयंत्रात ते टाकले की असंख्य पाने मिळतात. पण तारीख, ठिकाण आणि ग्रंथाचा निर्देश त्यांतील फार थोड्या पानांवर असतो. समग्र वाङ्मयात हे वाक्य त्या रूपात नाही. त्याच्या जवळचा विचार मात्र आहे, आणि तो आहे सर्पदंशावरच्या लेखात! ‘इंडियन ओपिनियन’मध्ये गांधीजी आरोग्यविषयक गुजराती लेखमाला लिहीत होते, तिच्या ९ ऑगस्ट १९१३ रोजी प्रसिद्ध झालेल्या बत्तिसाव्या लेखांकात, सापासारख्या प्राण्यांशी माणसाने कसे वागावे याची चर्चा करताना, माणूस बदलला की जगाची त्याच्याकडे पाहण्याची वृत्तीही बदलते, असे प्रतिपादन ते करतात. छापील मालेत हा उतारा बाराव्या खंडाच्या १५८ व्या पानावर आहे, तर ९८ खंडांच्या मांडणीत तो तेराव्या खंडाच्या २४१ व्या पानावर येतो.

म्हणजे एकच उतारा, परंतु पत्ते दोन. आवृत्तीचा उल्लेख न करता केवळ ‘खंड १३, पान २४१’ असे लिहिणाऱ्याची टीप ग्रंथालयातील छापील खंडाशी पडताळणाऱ्याला त्या पानावर भलताच मजकूर सापडेल आणि टीपच खोटी आहे असे वाटेल. येथे महाजालाने उतारा काही क्षणांत शोधून दिला, हे त्याचे श्रेय. आणि छापील संच शेजारी ठेवल्यामुळे दोन मांडण्यांतील भेद कळला, हे ग्रंथालयाचे. विषयसूचीच्या खंडाचेही महत्त्व येथे लक्षात येते : शब्द शोधल्याने तो शब्द असलेली पानेच मिळतात, सूचीकाराने मात्र तो शब्द न येताही त्या विषयाची चर्चा जेथे आहे, अशी पाने नोंदवलेली असतात.

पवनारचा वाद

काही प्रश्नांवर अभ्यासकांतच मतभेद असतात आणि तेथे शोधयंत्राचे एकवाक्यी उत्तर विशेष फसवे ठरते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत प्रवरपूर या राजधानीचा उल्लेख येतो. हे प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे पवनार, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. विनोबा भावे १९३८ मध्ये पवनारला राहावयास आल्यानंतर त्यांच्या आश्रमाच्या जमिनीत खोदताना जी शिल्पे निघाली, त्यांत रामकथेतील प्रसंग ओळखून मिराशींनी आपल्या मताला पुष्टी दिली. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले व त्याचा अहवाल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या दशकात मात्र नागपूर जिल्ह्यातील रामटेकजवळच्या मनसर येथे मोठे उत्खनन होऊन वाकाटककालीन अवशेष आणि ‘प्रवरेश्वर’ असा निर्देश असलेली मुद्रा मिळाली, तेव्हापासून राजधानीचा संबंध मनसरशी जोडणारे मतही पुढे आले.

आज शोध घेणाऱ्याला एका पानावर प्रवरपूर म्हणजे पवनार, तर दुसऱ्यावर प्रवरपूर म्हणजे मनसर, असे सारख्याच ठामपणे लिहिलेले सापडते. या दोन विधानांतून एक निवडणे, हे संशोधन नव्हे. वाकाटकांच्या लेखांचा मिराशींनी संपादित केलेला १९६३ चा खंड, पवनारचा उत्खनन अहवाल आणि मनसरवरील नंतरचे लेखन कालक्रमाने वाचले की कोणते मत कोणत्या पुराव्यानंतर बनले, हे उलगडते. मिराशींचा खंड आता डिजिटल स्वरूपातही उपलब्ध असल्याने ताम्रपटातील गावाचे नाव शोधण्याचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. वादाचे स्वरूप समजण्यासाठी मात्र सर्व अहवाल वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

आकडे आणि त्यांचे वर्ष

आकडेवारीच्या बाबतीत महाजालाची बाजू भक्कम आहे. जनगणनेचे तक्ते, शासकीय अहवाल आणि न्यायालयीन निकाल आता प्रथम तेथेच प्रसिद्ध होतात. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्या विषयावरील अहवाल शोधण्यासाठी शोधयंत्राइतके जलद साधन दुसरे नाही. अशा वेळी शोध शासकीय संकेतस्थळांपुरता आणि पीडीएफ फाइलींपुरता मर्यादित करण्याची सोय वापरली, तर बातम्या गळून मूळ अहवाल वर येतात.

जुन्या आकड्यांसाठी मात्र १९०६ चे आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे वर्धा गॅझेटियर आणि १९७४ चे महाराष्ट्र राज्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची साद्यंत माहिती देणारे शासकीय ग्रंथ, उघडावे लागतात. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३,८५,१०३ होती आणि ती आधीच्या दशकापेक्षा घटलेली होती. ही घट का झाली, हे समजण्यासाठी त्या दशकातील दुष्काळांचा वृत्तान्त त्याच ग्रंथांत वाचावा लागतो. आणखी एक खबरदारी येथे आवश्यक आहे. त्या काळी जिल्ह्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या, तर आज सेलू, देवळी, समुद्रपूर, आष्टी व कारंजा धरून आठ तालुके आहेत. त्यामुळे तेव्हाच्या आर्वी तहसिलीचा आकडा आणि आजच्या आर्वी तालुक्याचा आकडा शेजारी ठेवून वाढ काढणे ही ढोबळ चूक ठरते. यंत्र दोन्ही आकडे आणून देते, सीमा बदलल्याचे सांगत नाही.

बंद दारे आणि ग्रंथपाल

महाजालावरचे सर्वच साहित्य खुले नसते. बहुतेक संशोधन नियतकालिके वर्गणीदार संस्थांच्या सदस्यांनाच पूर्ण लेख वाचू देतात. शोधयंत्रात लेखाचा सारांश दिसतो आणि पुढे पैशांची मागणी येते. तेथे थांबण्याऐवजी ग्रंथालयाकडे वळावे, कारण तो लेख ग्रंथालयाने आधीच घेतलेला असण्याची शक्यता असते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमुळे केंद्र व राज्य शासनांच्या उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके एकत्रितपणे उपलब्ध झाली आहेत. वर्ध्यातील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ असून त्याच्या केंद्रीय पुस्तकालयाला राहुल सांकृत्यायन यांचे नाव दिलेले आहे. हिंदी व गांधीविचार यांच्या अभ्यासकाला ते जवळचे ठिकाण होय. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा संग्रह सर्वांना खुला आहे आणि आपल्या विषयावर पूर्वी कोणी काम केले आहे का, हे प्रथम तेथे पाहणे श्रेयस्कर ठरते.

ग्रंथपालाची मदत म्हणजे पुस्तक काढून देणे एवढाच अर्थ अनेकजण घेतात. वस्तुतः वाचकाला नेमके काय हवे आहे, हे प्रश्न विचारून निश्चित करणे हा त्या कामाचा पहिला भाग असतो. ‘नई तालीमवर काहीतरी हवे’ असे म्हणणाऱ्याला झाकीर हुसेन समितीचा १९३७ चा अहवाल हवा, सेवाग्रामच्या शाळेचा दैनंदिन अभ्यासक्रम हवा, की या योजनेवरची टीका, हे ठरल्यावर शोध अर्ध्यावर येतो. शोधयंत्र असा उलट प्रश्न क्वचितच विचारते. अलीकडची संभाषण करणारी यंत्रे तो विचारतात खरी, पण ती कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तके लेखक-प्रकाशकासह सुचवतात. त्यांनी दिलेला प्रत्येक ग्रंथनिर्देश तालिकेत तपासल्याशिवाय टिपेत घेऊ नये.

शोधाचा क्रम

वरील उदाहरणांवरून कामाचा एक क्रम सुचतो. प्रथम विश्वकोश किंवा गॅझेटियर यांतून विषयाची चौकट, नावे आणि तारखा घ्याव्यात. त्यांतून शोधशब्दांची यादी करावी आणि तीत जुनी नावे, पर्यायी लेखने व इतर भाषांतील प्रतिशब्द यांचा समावेश करावा. मग शोधयंत्राने लेख, अहवाल व प्रबंध यांचा माग काढावा, त्यांच्या संदर्भसूचींतून मूळ साधनांची नावे टिपावीत आणि ती तालिकेत शोधून प्रत्यक्ष पाहावीत. मूळ साधन वाचताना नवे शब्द सापडतात, ते घेऊन पुन्हा यंत्राकडे यावे. टीप लिहिताना आवृत्ती, वर्ष व पान द्यावे, आणि मजकूर महाजालावर पाहिला असल्यास संकेतस्थळ व पाहिल्याची तारीख नोंदवावी, कारण तेथील पाने बदलतात आणि नाहीशीही होतात.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि त्यामुळे शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे गावोगाव पसरले. अ, ब, क आणि ड वर्गांतील अशा ग्रंथालयांत शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, स्थानिक साप्ताहिकांच्या फाइली असे साहित्य असू शकते, जे ना कोणी स्कॅन केलेले असते, ना कोणत्या मोठ्या तालिकेत नोंदवलेले. जिल्ह्याच्या अभ्यासकाला नवे काही सांगावयाचे असेल, तर ते बहुधा या कपाटांतूनच निघेल. तेथे सापडलेल्या साहित्याची नोंद त्याने नेमकेपणाने प्रसिद्ध केली, तर तिचा माग पुढच्या अभ्यासकाला शोधयंत्रातच लागेल आणि आज जे केवळ त्या गावच्या ग्रंथपालाला ठाऊक आहे, ते सर्वांच्या उपयोगी पडेल.